ग्रंथांचं वजन आणि कानाची पाळी

आचार्यांची बढती यंदापासून त्यांच्या ग्रंथांच्या वजनावर होणार, असा हुकूम नादपूरच्या महाराजांनी काढला आणि राजसंगीत विद्यापीठात गाणं पार बंद पडलं. जो तो लिहायला बसला.

तसं तिथल्या एका विभागातल्या आचार्यांचं गाण्यावाचून फारसं अडत नव्हतंच. गाणाऱ्यांचा विभाग वेगळा, वाजवणाऱ्यांचा वेगळा. हा विभाग होता गाणं कसं शिकवावं ते शिकवणाऱ्यांचा. उद्याचे संगीतशिक्षक इथे घडतात, असं निदान दारावरच्या पाटीवर तरी लिहिलं होतं. प्रत्यक्षात आचार्य परिसंवादाला गेलेले असायचे, नाहीतर परिसंवादाहून दमून आलेले असायचे. मग आपापला वर्ग ते गोदूकडे धाडून द्यायचे.

गोदू म्हणजे तांबट आळीतल्या तांबटाची मुलगी, विद्यापीठातली हंगामी शिक्षिका. तिला बढती सोडाच, बसायला खोलीही नव्हती. मागच्या ओसरीवर ती शिकवायची. एखाद्याचा सूर लागेना तर त्याच्याबरोबर तासभर घसा फोडायची, आणि असा सूर न लागणारा पोरगा पुढे तुमच्यासमोर बसला तर काय कराल, हेही त्यालाच विचारायची.

वजनाचा दिवस उजाडला. दरबारात तराजू टांगला. विद्यार्थी हमालांसारखे ग्रंथ वाहून आणत होते. विभागप्रमुख पुंडरीकशास्त्री यांचा ‘तंबोरा धरताना कोपराचा कोन’ हा ग्रंथ उचलायला चौघे लागले. दुसऱ्या एका आचार्यांनी ग्रंथाला शिसवी फळ्यांची बांधणी करून आणली होती. ते पारडं दाणकन खाली बसलं आणि गोदूला हसू आवरेना.

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोण हसलं?"

"मी, महाराज. बढती सुताराला द्यायची की आचार्यांना, एवढंच कळेना."

"मग शिकवणं मोजायचं तरी कसं?"

"त्यांच्या शिष्यांचं गाणं ऐकावं."

पुंडरीकशास्त्री घाईघाईने उठले. "छे, छे! गाणं चांगलं झालं तर ते गळ्याचं श्रेय. त्यात शिकवणं सिद्ध होत नाही. माझ्या तिसऱ्या खंडात मी हे सविस्तर मांडलं आहे."

महाराजांना खंडांची फार धास्ती. त्यांनी लगेच मान डोलावली. एकदा मान डोलावली की माघार घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. "ऐक गोदू. कुणी गायचं नाही, कुणी वाजवायचं नाही. शिष्यांना काही विचारायचं नाही आणि कागद तर दाखवायचाच नाही. तरी खरा शिक्षक कोण, ते मला या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर उद्यापासून तुझी ओसरी बंद!"

गोदूला स्वतःची फिकीर नव्हती. नोकरी गेली असती तर ती घरी भांडी घडवत बसली असती. पण ओसरी बंद झाली तर ही पोरं जाणार कुठे?

इकडे पुंडरीकशास्त्री खुशीत आले होते. "महाराज, माझ्या ग्रंथाचं वजन भरलं ती सगळी माझे गुरू व्यंकोबाबुवा यांची कृपा," असं म्हणत त्यांनी उजव्या हाताने कानाची पाळी धरली.

गोदूने ते पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "शास्त्रीबुवा, कान का धरलात, ते महाराजांना सांगा ना."

"गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची रीतच आहे ती," शास्त्रीबुवा ऐटीत म्हणाले. "गुरूचं नाव निघालं की शिष्याचा हात आपोआप कानाला जातो. सांगावं लागलं तर तो शिष्यच नव्हे!"

"ऐकलंत, महाराज? आता भालदारांना आचार्यांची नावं पुकारू द्या. बाकी काही नको."

विद्यार्थी ग्रंथ हातांवर तोलून उभे होते. भालदाराने पहिलं नाव पुकारलं, दुसरं पुकारलं, मग बिरुदांसकट पुंडरीकशास्त्र्यांचं पुकारलं. एकही हात हलला नाही. एकाचा हलला, पण तो माशी हाकलायला. शास्त्रीबुवा डोळे मोठे करून पोरांना खुणावू लागले, पण सांगावं लागलं तर तो शिष्य नव्हे, हे ते नुकतंच बोलून चुकले होते.

महाराजांना गंमत वाटली. "भालदार, हिचंही पुकार."

"गोदूबाई तांबट!"

धडाधड ग्रंथ जमिनीवर आदळले आणि दरबारभर हात कानांना गेले. शिसवी बांधणीचा ग्रंथ बरोबर त्याच्या कर्त्याच्या पायावर पडला. पुंडरीकशास्त्र्यांचा मुलगाही बापासमोर कान धरून उभा होता.

महाराज मात्र एकाएकी गंभीर झाले. त्यांनी स्वतःला ‘संगीतसूर्य’ ही पदवी दिली होती आणि दर महिन्याला ते एक वर्ग घेत. त्याला हजेरी सक्तीची असे. "आता माझं पुकार," ते भालदाराला म्हणाले.

भालदाराने चाचरत पुकारलं. सगळा दरबार कमरेत वाकला. मुजरे झडले, पण कानाला एकाचाही हात गेला नाही.

"गोदू," महाराज हळू आवाजात म्हणाले, "हे काय?"

गोदूने मुजरा केला. "महाराज, आपलं नाव कानावर आलं की माणसाला आधी मानेची काळजी पडते. ती जागेवर आहे अशी खात्री पटेपर्यंत कानाचं सुचतं कुणाला?"

महाराज असे खदाखदा हसले, की मुकुट घसरून नाकावर आला. तराजू त्यांनी भाजीमंडईला देऊन टाकला, विभागाची मुख्य गादी गोदूला कायमची दिली आणि झाडून सगळ्या आचार्यांना तिच्या वर्गात बसण्याचा हुकूम केला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर गोदूने पुंडरीकशास्त्र्यांच्या हातात तंबोरा दिला. कोपराचा कोन तेवढा अगदी बिनचूक होता.