लिंपलेली ढोली

जंगलात माणसांच्या पायवाटा पडायच्या आधीची ही गोष्ट आहे.

एका उंच बेहड्याच्या शेंड्यावर एक शेकरूबाई घरटे बांधून राहत होती. त्याच झाडाच्या खोडात एक ढोली होती, आईने तिच्यासाठी राखलेली. म्हातारपणी शेंड्यापर्यंत चढता आले नाही, तर त्या ढोलीत राहायचे असे तिने ठरवले होते. तोवर रिकामी कशाला ठेवायची, म्हणून ती ढोली भाड्याने देई.

थंडी सरता सरता एक धनेश पक्षी बायकोला घेऊन आला.

"ढोली हवी होती," तो म्हणाला. "भाडं म्हणून रोज एक पिकलं उंबर आणून देईन."

"चालेल. पण दिली तशी परत हवी. दाराला धक्का लावायचा नाही."

धनेश घाईत होता. त्याने मान हलवली.

उंबर रोज शेंड्यावर येऊ लागले, त्यामुळे शेकरूबाईला खाली उतरावे लागेना. एक दिवस ती सहज उतरली आणि थबकली. ढोलीचे दार चिखलाने लिंपून टाकले होते. मधे एक अरुंद उभी फट तेवढी उरली होती.

"हे काय केलंत?" तिने धनेशाला विचारले.

धनेशाची चोच फळांनी भरलेली होती. तो घशातल्या घशात काहीतरी पुटपुटला, एकेक फळ फटीतून आत दिले आणि पुन्हा उडाला. दुसऱ्या दिवशीही तेच. रिकाम्या चोचीने तो क्षणभरही थांबत नसे. फटीशी जाऊन हाक मारावी, तर आतली चोच मागे सरे.

ढोलीवर साळुंकीचा फार दिवस डोळा होता. ती फांदीवर येऊन बसली.

"गेली गं तुझी ढोली, शेकरूताई. आज दार लिंपलं, उद्या तुलाच विचारतील, बाई, तू कोण?"

"उंबर तर रोज देतो."

"उंबरावर भुललीस. मला दिली असतीस, तर निदान दार उघडं राहिलं असतं."

काही दिवसांनी फटीतून पिसे खाली पडू लागली. मोठी, काळी, एकामागून एक.

"बघ," साळुंकी म्हणाली. "बायकोला कोंडलंय मेल्यानं. पिसं उपटतोय. फोड ती भिंत, पुण्य लागेल."

शेकरूबाईला ढोलीची काळजी होतीच. आता आतल्या जिवाचीही वाटू लागली. तिने लिंपणाला दात लावले. वाळलेला एक तुकडा निघून तिच्या पंजात आला.

दुसरा चावा घेण्याआधी तिने तो तुकडा उलटून पाहिला. बाहेरची बाजू ओबडधोबड होती. आतली बाजू मात्र नीट थापलेली, आणि तिच्यावर चोचीच्या खुणा.

म्हणजे भिंत आतून घातली होती. कोंडलेला कधी आतून कडी लावतो का?

शेकरूबाईने दात मागे घेतले आणि ती फटीपाशी बसून राहिली. बराच वेळ गेल्यावर आतून हळू आवाज आला.

"मालकीणबाई, तुम्ही आहात होय? मला वाटलं, घोरपड आली."

"मीच आहे. तुम्हाला कोणी कोंडलंय का?"

"नाही हो. अंडी घातली की आमची पिसं गळतात. उडता येत नाही. म्हणून मीच दार लिंपून घेते. नवी पिसं आली की मीच फोडीन."

"मग आधी सांगायचं ना."

"आमच्यात सगळ्याच बायका असं करतात. हे सांगावं लागतं, हेच माहीत नव्हतं."

शेकरूबाईने ओढ्यावरून ओला चिखल आणला. आतल्या चोचीने तो भगदाडावर थापला.

तो नीट वाळला आणि खरोखरच घोरपड आली. तिने फटीत जीभ घातली, लिंपणावर नखे ओढली, सारा जोर लावला. भिंत हलली, पण पडली नाही. घोरपड निघून गेली. शेंड्यावरून पाहणाऱ्या शेकरूबाईला मात्र आपल्या तोंडातली मातीची चव पुन्हा आठवली.

उन्हाळा संपत आला, तेव्हा भिंत आतून फुटली. नव्या पिसांची धनेशीण बाहेर आली, मागून दोन पिल्ले डोकावली. जाताना धनेशाने दाराचा उरलासुरला चिखल खरवडून काढला. ढोली दिली होती तशीच परत मिळाली.

पुढच्या वर्षी धनेश पुन्हा आला. या वेळी चोच रिकामी होती.

"मालकीणबाई, ढोली हवी होती. पण आधी दाराचं सांगतो, ऐकून घ्या."

"सांगा," शेकरूबाई म्हणाली. "आणि या खेपेला चिखल मीच आणते."

बंद दाराला दात लावण्याआधी ते दार कोणी आणि का बंद केले, हे कळेपर्यंत थांबावे.