आतून अडसर नसलेली दारं

हंगेरीतल्या वोरोशकुट या द्राक्षांच्या गावात टेकडी कोरून केलेल्या वाईनच्या तळघरांची लांब ओळ आहे. एकाही दाराला आतून अडसर नाही. लोखंडी अडसर बाहेर साखळीला टांगलेला, दार ठोठावण्यासाठी. पाहुणे आले की म्हातारा मात्याश आधी तो हातात देतो, वाईन नंतर. "धरून बघा. जड आहे." चोर येत नाहीत का, असं कुणीतरी विचारतंच. "येतात की. वाईन नेतात."

मग तो सांगतो ते असं.

फार पूर्वी गावावर घोडेस्वारांची धाड येणार अशी बातमी आली. द्राक्षं वेलींवरून गळायला लागलेली. मुखिया गेर्गेय आणि त्याच्या वयाच्या कारभाऱ्यांनी ठरवलं, तरुणांनी तोडणी थांबवायची नाही. धाड अजून लांब आहे, म्हणाले. ठरवणारे सगळे सावलीत बसले होते. गेर्गेयची नात बोरी मळ्यात होती, पाठीला टोपली, बोटं रसाने चिकट. आजोबा सांगतात म्हणजे तसंच असणार, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

दुपारी खिंडीत धूळ उठली. पोरं टोपल्या टाकून तळघराकडे पळाली. दार बंद. आत कारभारी, नव्या रसाच्या पिंपांसकट.

बोरीने दार बडवलं. आतून आजोबांचा आवाज आला, ताटावर बसून मीठ मागावं इतका शांत.

"आवाज ओळखला, बोरी. पण आता उघडता येत नाही. दाराशी गर्दी दिसली तर सगळेच जातील. मळ्यात लपा."

ती रडली नाही, असं सांगतात. दाराच्या फटीतून तिला फसफसणाऱ्या रसाचा वास आला. आंबत्या रसातून जड हवा निघते. ती बंद तळघरात साठली की आधी मेणबत्ती विझते, मग माणूस. हे त्या गावात पोराटोरांनाही ठाऊक. तिला तर आजोबांनीच शिकवलेलं.

"आजोबा, मेणबत्तीवर लक्ष ठेवा. दार थोडं तरी किलकिलं करा."

"आता तू मला शिकवणार?"

आत कुणीतरी हसलंही, म्हणे.

पोरं वेलींखाली मातीत पालथी पडून राहिली. घोडेस्वार खालच्या रस्त्याने तसेच पुढे गेले. तळघरांकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

बोरीने परत येऊन ठोठावलं, हाका मारल्या. शेवटी कुऱ्हाडीने दार फोडावं लागलं. मेणबत्त्या जळून संपल्या नव्हत्या, विझल्या होत्या. गेर्गेय दाराशीच पडलेला, हात अडसरावर. तो उघडायला आला होता की धरून ठेवायला, यावर गावात अजून भांडणं होतात. म्हातारे म्हणतात, उघडायला. म्हातारे तसंच म्हणणार.

पाद्री म्हणाला, वडीलधारे गावासाठी गेले, त्यांच्या नावाने क्रूस उभारू.

"ते गावासाठी गेले नाहीत," बोरी म्हणाली. "गाव बाहेर होतं."

तिने तो अडसर उचकटून बाहेर टांगला आणि शपथ घातली. या ओळीत कुणी आतून दार लावायचं नाही. ठोठावणाऱ्याला नाव विचारायचं नाही. आणि उघडायला पोराला पिटाळायचं नाही. आतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने स्वतः उठायचं.

पुढे ती स्वतः म्हातारी झाली. कुणी ठोठावलं की भिंत धरून उठायची. पिंपांपासून दारापर्यंत यायला म्हाताऱ्या पायांना किती वेळ लागतो, ते तिला तेव्हा कळलं. त्याने तिचा राग गेला नाही, वाढला. एवढा वेळ लागतो, तर मग आधीच उठायचं होतं.

आजही सुगीच्या शेवटच्या दिवशी मळ्यातून परतलेली पोरं तळघराशी जमतात. दार सताड उघडं असतं. तरीही ती त्या उघड्या दारावर अडसर आपटत राहतात, आतला सगळ्यांत म्हातारा माणूस उजेडात येऊन उभा राहीपर्यंत. मात्याशचे गुडघे गेलेत. त्याला वेळ लागतो. पण कुणी मदतीला आत जात नाही, आणि आपटणं थांबत नाही.