चोचीपुरती फट

एका राज्यात रेणुमती नावाची राणी होती. दासदासी ढिगानं असूनही आपली चूल ती रोज स्वतः पेटवी, आणि कुणी विस्तव मागायला आलं की गप्पांच्या नादात दूध उतू जाऊ देई. अशी गोड बाई. पण तिच्या जिवाला एक घोर लागला होता.

नदीपलीकडच्या राज्यात तिची धाकटी बहीण इंदुवती राणी होती. कालदंष्ट्र मांत्रिकानं तिच्या नवऱ्याला दगड केलं, तिला कैदेत टाकलं आणि गादी बळकावली. मग एका मंत्रासरशी साऱ्या राज्यातल्या चुली विझवल्या. लोकांनी रोज सकाळी येऊन त्याच्यापुढे वाकावं, तेव्हा दिवसापुरता एकेक निखारा मिळे. वाकलेल्या मानेगणिक मांत्रिक बोटभर वाढे. वाढता वाढता त्याचं डोकं ढगांना लागलं, आणि त्याच्या फुंकरीनं नदीअलीकडची गावंही जळू लागली.

राणीनं दरबार भरवला. सेनापती रणधवल म्हणाला, "आज्ञा द्या, राणीसाहेब. तीन दिवसांत त्याचं मुंडकं आणतो."

"त्याच्या मातीत पडलेला प्रत्येक भाला त्याचाच सैनिक होऊन उठतो," प्रधान विश्वंभर म्हणाले. "त्यापेक्षा सीमेवर भिंत घालू. राहील आतल्या आत."

"आणि आतली माणसं? ती मरू द्यायची?" सेनापती गरजला.

राणीला दोघांचंही पटत होतं, म्हणूनच तिला रडू येत होतं. लढाई केली तर बहिणीचं राज्य बेचिराख होणार. भिंत घातली तर बहीण आत कोंडली जाणार.

तेवढ्यात खिडकीत बसलेला धनेश पक्षी मनुष्यवाणीनं बोलला.

"राणी, माझी कारभारीण अंडी घालते तेव्हा ढोलीचं तोंड लिंपून घेते. सापाला वाट मिळत नाही. पण चोचीपुरती फट ठेवते, आणि मी तिला फळं भरवतो. फट ठेवली नाही तर साप नको नि काही नको, घरातच मढं. तेव्हा तीन कामं कर. सात नद्यांच्या गाळाची भिंत घाल. तिला फट ठेव, आणि तिथून रोज तुझ्या चुलीतला विस्तव दे. मांत्रिकानं काहीही दाखवलं तरी एक भाला पलीकडे पडू देऊ नकोस."

पहिलं काम चाळीस दिवसांत झालं. मांत्रिकाची फुंकर भिंतीला आपटून परत जाऊ लागली.

दुसरं काम राणीनं स्वतःकडे घेतलं. गोवरीवर निखारे ठेवून ती फटीशी बसे. पहिल्या दिवशी पलीकडून एक म्हातारी आली, दुसऱ्या दिवशी दहा जणी. मांत्रिकानं जन्मात शेजारी विस्तव मागितला नव्हता. त्यामुळे त्याच्या मंत्रात शेजारच्या विस्तवाचा उल्लेखच राहून गेला होता. राणीचे निखारे विझेनात. घरोघर चुली पेटल्या, मांत्रिकाच्या वाड्यावरची गर्दी ओसरली, आणि तो आखडू लागला.

तिसरं काम मात्र जीव घेणारं होतं. चवताळलेल्या मांत्रिकानं इंदुवतीला भिंतीपलीकडच्या उंच तटावर उभं केलं. "ये रेणुमती, घेऊन जा बहिणीला!"

रणधवलानं भाला उचलला. राणीनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"नको, रणधवल."

"राणीसाहेब, ती तुमची बहीण आहे!"

"म्हणूनच नको."

तटावरून इंदुवतीनं होकाराची मान हलवली. लढाईत कधी न रडलेला रणधवल रडला, आणि त्यानं भाला खाली ठेवला.

मांत्रिकाला ना लढाई मिळाली, ना नवा सैनिक. दुसऱ्या दिवशी वाड्यावर एकही माणूस वाकायला आलं नाही. मांत्रिक इतका लहान झाला की मुकुट गळ्यात येऊन अडकला. दगडाच्या राजानं डोळे उघडले, कैदखान्याची कुलपं गळून पडली, आणि उरल्यासुरल्या विझलेल्या चुली आपोआप पेटल्या. एक मांत्रिकाची तेवढी पेटली नाही.

इकडे लोक पहारी घेऊन भिंत पाडायला जमले, तोच फटीतून खापरी धरलेला एक हात आला.

"ताई," पलीकडून इंदुवतीचा आवाज आला, "याला कुणी विस्तव देईना गं. थंडीनं काकडतोय."

बहिणीचा आवाज ऐकून राणीचे डोळे भरून आले. तिनं फटीतून पाहिलं. गळ्यात मुकुट अडकलेला एक म्हातारा कमरेत वाकून उभा होता.

"सरळ उभे राहा," राणी म्हणाली. "आमच्याकडे विस्तवासाठी वाकत नाहीत."

रणधवल त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं राणीच्या हातातला चिमटा घेतला आणि सगळ्यात मोठा निखारा खापरीत ठेवला.

"खालून धरा, नाहीतर हात भाजेल," तो गुरगुरला, आणि भिंतीवर पहिला घाव त्यानंच घातला.