कुर्लीने होडी हलवली

खाडीच्या काठी राहायची एक कुर्ली. नखाएवढी. चिखलात तिचं बीळ होतं. छान गोल. तिने स्वतः खणलेलं.

ओहोटी लागली. पाणी गेलं. एक होडी चिखलात बसली, फतक. नेमकी बिळावर.

कुर्ली आली तिरतिर तिरतिर. बघते तर काय, घरावर होडी.

"होडी होडी, हल ना. मी घरी जाऊ कशी?"

होडी म्हणाली, "नाखवा ढकलेल, तेव्हा हलेन."

होडीत धाकू नाखवा झोपला होता. पोट वर, टोपी नाकावर. गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला. घुर्रर घुर्रर.

कुर्ली चढली तिरतिर तिरतिर.

"नाखवा नाखवा, ऊठ ना. होडी हलेना, मी घरी जाऊ कशी?"

नाखव्याने एक डोळा उघडला. "भाकरी मिळेल, तेव्हा उठेन."

काठावर त्याची बायको, बायजाकाकू, भाकरी थापत होती. थप थप थप.

कुर्ली गेली तिरतिर तिरतिर.

"काकू काकू, भाकरी भाज ना. नाखवा उठेना, होडी हलेना, मी घरी जाऊ कशी?"

"चूल पेटेल, तेव्हा भाजेन. आणि त्या झोपाळूला विचार, मासा तरी लागलाय का?"

चूल नुसती धुमसत होती. फुस फुस.

"चुली चुली, पेट ना. भाकरी भाजेना, नाखवा उठेना, होडी हलेना, मी घरी जाऊ कशी?"

"वारा येईल, तेव्हा पेटेन."

वारा लांब, खाडीच्या तोंडाशी लोळत होता. कुर्ली गेली तिरतिर तिरतिर. दमली. रडायलाच लागली.

"वाऱ्या वाऱ्या, ये ना. चूल पेटेना, भाकरी भाजेना, नाखवा उठेना, होडी हलेना, मी घरी जाऊ कशी?"

वारा म्हणाला, "ताठ उभी राहून बोलावशील, तेव्हा येईन."

कुर्लीने डोळे पुसले. ताठ उभी राहिली. आपली मोठी नांगी वर केली, उंच उंच.

"वाऱ्या, ये. घर माझं आहे. मी खणलंय."

वारा आला सूंऽऽ. चूल पेटली भक्. भाकरी फुगली टम्म. नाखवा उठला टुणकन. भाकरी खाल्ली मचमच.

नाखव्याने होडीला खांदा लावला. काकूने खांदा लावला. कुर्लीने नांगी लावली.

हैय्या हो. हैय्या हो.

होडी हलली सर्रर्र. खाली बीळ. छान गोल.

"बघितलंत? होडी मी हलवली," कुर्ली म्हणाली.

काकूने नाखव्याकडे पाहिलं. नाखव्याने टोपी काढली.

"हो बाय, तूच हलवलीस."

कुर्ली आत गेली. चिखलाची गोळी दारात बसवली. पुक.