ठमी अळीचं कूळ

खूप वर्षांपूर्वी आंब्याच्या एका पडलेल्या ओंडक्यात भुंगेरे राहत. मिशाळ आबा मिशा मोजून प्रत्येकाचं कूळ ठरवत. ठमी अळीला ना मिशा, ना पाय.

आबा तिला म्हणाले, "तू भुंगेरा नाहीस, गांडूळ आहेस. नीघ बाहेर!"

बाहेर सुतारपक्षी टपलेला. ठमी घाबरली, पण त्याहून जास्त चिडली. "आबा, तुम्ही मिशांसकटच जन्मलात का?"

"अर्थात!"

ठमी तडक आबांच्या खोलीत घुसली आणि कोपऱ्यात दडवलेली, तिनं एकदा पाहिलेली अळीची वाळकी कात ओढत सगळ्यांसमोर घेऊन आली. कातीलाही ना मिशा, ना पाय.

सगळा ओंडका खो खो हसला. "आबा, ही कुणाची हो?"

आबा पुटपुटले, "माझीच. राहा पोरी इथंच. म्हातारपणी विसरायला होतं."

"विसरला नव्हतात, लपवलं होतंत," ठमी म्हणाली आणि तिनं लाकडाचा मोठ्ठा घास तोडला.