मेघपृष्ठाने दिलेला शब्द

पूर्वी कृतयुगाच्या उतरत्या काळात, देवेंद्राने पर्वतांचे पंख छेदून त्यांना पृथ्वीवर खिळवले त्याला फार काळ लोटला नव्हता, तेव्हाची ही कथा. पंख गेले, तरी पर्वतांच्या खांद्यांवरचे व्रण भरले नव्हते. पर्जन्यकाळी त्या व्रणांत पाणी मुरे, ते ठणकू लागत, आणि वेदना असह्य झाली की एखादा पर्वत अंग झाडी. मग त्याच्या कुशीतली ग्रामे, अरण्ये आणि आश्रम क्षणार्धात मातीखाली जात. लोक याला दैवाचा कोप म्हणत आणि पुन्हा त्याच जागी घरे बांधत. माणसांची ही खोड फार जुनी आहे.

हिमवंताच्या दक्षिणेस मेघपृष्ठ नावाचा असाच एक पर्वत होता. त्याच्या पायथ्याशी, मंदजला नदीच्या काठी, ऋतायन ऋषींचा आश्रम होता. वेदघोषाने दुमदुमणारा, होमधूमाने सुगंधित, हरिणांची पाडसे जेथे निर्भयपणे दर्भ कुरतडीत असा तो आश्रम पाहून वाटसरूचा शीण निम्मा होई. ऋतायन तपोनिधी होते, विद्यासागर होते आणि तापट होते. हे तिसरे विशेषण शिष्य हळू आवाजात लावीत. त्यांनी बारा वर्षांचे यज्ञसत्र आरंभले होते, आणि ते संपेपर्यंत आपण, आपली पत्नी व आपले अग्नी नदी ओलांडणार नाही असा संकल्प सोडला होता. गुरू जात नाहीत म्हटल्यावर शिष्य कुठे जाणार? आता सत्राचे अखेरचे वर्ष चालू होते.

ऋषिपत्नी श्रुतवती नित्य प्रातःकाळी पर्वताच्या अंगावरील झऱ्यातून अग्निहोत्रासाठी जल आणी. कलश भरला की हात जोडून म्हणे, "ताता, तुमच्या कृपेने आमचा दिवस उजाडला." श्रावणातल्या एका सकाळी मात्र तिच्या कलशात पाण्याऐवजी तांबडा गाळ आला. ती चकित होऊन पाहते तो तिच्या पायाखालची शिळा थरथरली आणि पर्वताच्या उदरातून धीरगंभीर स्वर आला.

"कन्ये, भिऊ नकोस. माझा व्रण उघडला आहे. तुम्हा सर्वांसाठी मी दात आवळून उभा आहे. येथे येणारा प्रत्येक जण माझ्याकडे काष्ठ मागतो, औषधी मागतो, मोक्षसुद्धा मागतो. तू तेवढी आभार मानून गेलीस. तुझ्यासाठी सूर्य माथ्यावर येईपर्यंत मी कसाबसा तग धरीन. त्यापुढे मला आवरणार नाही. सर्वांना घेऊन नदीपलीकडच्या कड्यावर जा!"

कलश तेथेच टाकून श्रुतवती धावत यज्ञशाळेत आली आणि धापा टाकीत तिने सारे सांगितले. ऋतायनांनी शांतपणे आहुती पूर्ण केली. मग ते हसले.

"देवी, तुझ्या भोळेपणाची मला कीव येते! सत्र फळास आले की शतक्रतूचे आसन डळमळते. कोणाकडे तो अप्सरा पाठवतो, कोणाकडे राक्षस. आपल्याकडे त्याने चिखल पाठवला, एवढेच. ऋतायन चिखलाला भिऊन आसन सोडणार नाही!"

"नाथ, तो इंद्र नव्हता. इंद्राने ज्याचे पंख तोडले, तो त्याचे दूतपण कशाला करील? आणि नदीकडे पाहा. श्रावणात दुथडी वाहणारी मंदजला आज घोटाभर उरली आहे."

"तोही शुभशकुन! सरितेने आपल्या सत्रापुढे नम्रता धरली आहे," ऋषी म्हणाले आणि त्यांनी पुढची समिधा उचलली.

तपस्व्याला एकदा इंद्राचा संशय आला की त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. श्रुतवतीने हात जोडले, शिष्यांच्या लेकराबाळांची आण घातली. ऋषी हट्टाला पेटले होते. सूर्य चढत होता. तेव्हा तिला शास्त्राचा एक नियम आठवला. यजमानाची पत्नी अग्नींना सोडून सीमेपार, म्हणजे येथे नदीपार, गेली, तर ते अग्नी लौकिक होतात, चुलीतल्या जाळासारखे. मग सत्र उरत नाही, संकल्पही उरत नाही आणि थांबण्याचे कारणही उरत नाही.

विवाहाच्या दिवशी प्रज्वलित झालेला तो अग्नी तिने पोटच्या लेकरासारखा जपला होता. त्याला प्रदक्षिणा घालताना तिला रडू आवरेना. "क्षमा करा, भगवन्," ती पुटपुटली. मग तिने गोठा उघडला, वृद्ध कपिला धेनूच्या गळ्यातील दावे धरले आणि ती नदीकडे चालू लागली. कपिलेमागे सारे गोधन निघाले. वासरांमागे मुले, आणि मुलांमागे त्यांच्या माता हाका मारीत निघाल्या.

श्रुतवतीचे पाऊल पैलतीरी पडले आणि यज्ञशाळेतील ज्वाला मंदावल्या. ऋतायनांचे नेत्र आरक्त झाले. बारा वर्षे ज्यासाठी नदी ओलांडली नाही ते सत्रच भंगले होते. क्रोधाने बेभान झालेले ऋषी तिच्यामागे धावले. त्यांच्यामागे सारे शिष्य निघाले: काही गुरूंना आवरायला, तर काही, खरे सांगायचे तर, शाप कसा देतात ते पाहायला.

कड्यावर पोहोचताच ऋषींनी कमंडलूतील जल ओंजळीत घेतले. "श्रुतवती! ज्या मूढ बुद्धीने तू माझे तप धुळीस मिळवलेस—"

पुढचे शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. मध्याह्नीच्या त्या क्षणी मेघपृष्ठाने निःश्वास सोडला. देवदारांचे अख्खे अरण्य उभेच्या उभे सरकत खाली आले. शिळा, माती, वृक्ष यांचा प्रचंड लोंढा यज्ञशाळेवरून, पर्णकुटींवरून, गोठ्यावरून गेला. वरच्या खोऱ्यात दरडीने अडवून धरलेले मंदजलेचे पाणी बांध फोडून गर्जत आले, आणि थोड्या वेळापूर्वी वासरे जेथून चालत आली होती तेथे ताडाएवढ्या उंचीचा पूर वाहू लागला. धुरळा बसला तेव्हा पलीकडे आश्रम कोठे होता हे दाखवायला एक खूणही नव्हती.

ऋतायनांनी मागे वळून पाहिले. शिष्य होते. त्यांच्या स्त्रिया होत्या. मुले कपिलेला बिलगून उभी होती. ओंजळीतले पाणी अजून तसेच होते. त्यांनी ते पर्वताच्या दिशेने अर्घ्य म्हणून सोडले, आणि त्या तापट महर्षींनी सर्वांदेखत पत्नीपुढे मस्तक नमवले. "देवी, माझ्या तपाने मला आंधळे केले होते. आज आम्ही सारे जिवंत आहोत ते तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे नव्हे," श्रुतवती डोळे पुसत म्हणाली. "मेघपृष्ठांनी एवढ्या वेदनेतही आपल्यासाठी कळ सोसली. नाथ, आधी त्यांचे आभार मानू या."

सर्वांनी हात जोडले. मेघपृष्ठाचा क्षीण पण प्रसन्न स्वर आला, "कन्ये, वर माग. गेलेले सत्र मागितलेस तरी तुझ्यासाठी देवांकडे शब्द टाकीन."

"सत्र आम्ही पुन्हा करू, ताता. पर्वतांच्या कुशीत राहणाऱ्या साऱ्यांना, आज मला मिळाली तशी सूचना मिळू दे."

पर्वत म्हणाला, "कोसळणे न कोसळणे आमच्या हाती नाही. शेषाने फणा हलवली तर बोलायलाही अवसर मिळत नाही. त्याबद्दल क्षमा असावी. पण पर्जन्याने व्रण उघडला, तर पडण्यापूर्वी आम्ही होईल तितके सांगू. झरे गढूळ करू, उभे वृक्ष कलते करू, भूमीला भेगा दाखवू, भरपावसात नदी आटवून ठेवू. ज्या स्वराने मी तुझ्याशी बोललो तो सर्वांना कळणार नाही. म्हणून ही भाषा."

तेव्हापासून हिमवंतापासून सह्याद्रीपर्यंत आणि समुद्रापलीकडच्या अनाम गिरिमालांतही पर्वत हा शब्द होता होईल तो पाळीत आले आहेत. ऋतायनांनी नव्या जागी पुन्हा सत्र मांडले. त्या संकल्पात नदी न ओलांडण्याची अट नव्हती. या कथेच्या श्रवणाने धन मिळते की स्वर्ग, हे मला ठाऊक नाही. पण जो पर्वताचे ऐकून वेळीच उठतो, तो संध्याकाळी कड्यावर उभा राहून आपल्या माणसांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, आणि त्याच्या प्रत्येक हाकेला ओ येते.