वर एकोणीस, खाली तीन

एकदा एक शिष्य आपल्या गुरुजींवर असा काही रुसला, की त्याने सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. आणि त्याचा चहा म्हणजे काय साधी गोष्ट? पहिला कप अंथरुणात, दुसरा दात घासल्यावर, तिसरा गुरुजी घेतात म्हणून सोबतीला!

शिष्याचं नाव विश्राम. गावात दर चैत्रात वसंतावरच्या कवितांची स्पर्धा व्हायची. कवितेवर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा टाकायचा, आणि निकाल लावायचा एकट्या गुरुजींनी. यंदा बावीस कविता आल्या होत्या. त्यातली एक विश्रामची. पंधरा दिवस तो गावातल्या पिंपळाच्या पारावर ठाण मांडून बसला होता. पिंपळाची पानगळ आणि पालवी कवितेत पकडायचीच, असा त्याचा हट्ट. अकरा वह्यांची पानं फाडली, पण शेवटी चाळीस ओळींची एक खणखणीत कविता उभी केली. 'ताम्रवर्णी', 'नवपल्लव', 'ऋतुराज', सगळे शब्द अगदी निवडून घातलेले. पहिला नंबर आपलाच, हे त्याने इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की शेजारच्या गावाहून त्याची ताई खास सत्कार बघायला आली होती.

आणि त्या दिवशी सकाळी, पहिल्या चहाच्याही आधी, गुरुजींनी निकाल सांगितला. तिसरा नंबर पोस्टमन भाऊंचा. दुसरा तात्या सुताराचा. आणि पहिला लंकाबाईचा. लंकाबाई कोण? तर बोहारीण! डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, जुने कपडे घेऊन नवी भांडी देणारी लंकाबाई. विश्रामचं नाव कुठेच नाही.

विश्रामला वाटलं, संध्याकाळची एसटी पकडून ताईबरोबर तिच्या गावाला जावं आणि आठवडाभर तोंडच दाखवू नये. तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली.

"विश्रामा, पारावर सतरंज्या घाल. कार्यक्रम तिथेच. आणि बसण्याची व्यवस्था नीट ऐक. वर एकोणीस, खाली तीन."

"म्हणजे?"

"नंबर न आलेले एकोणीस जण पारावर. नंबर आलेले तिघं खाली, समोर, खुर्च्यांवर."

विश्रामने उचललेली सतरंजी हातातच राहिली. सत्काराच्या दिवशी हरलेल्यांना व्यासपीठावर बसवायचं? सगळ्या गावासमोर? हे तर चोराला गाढवावर बसवून मिरवावं तसं झालं!

"गुरुजी, हरलो ते कमी पडलं का? वर आमची वरात कशाला काढताय?"

"आणि कविताही तुम्हीच वाचायच्या," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुमच्या नाही. त्या तिघांच्या. पहिल्या नंबरची तू वाच."

"मी नाही वाचणार."

"आधी वाच. मग हवं तेवढं भांड. मी कुठे जात नाही."

कापडाच्या दुकानाचे मालक शेठजी बक्षिसाच्या शाली घेऊन आले, तर तेही चक्रावले. "गुरुजी, काहीतरी उलटं सांगितलंत बहुतेक. जिंकलेले खाली आणि पडलेले वर? लोक हसतील ना!"

"हसू देत की शेठ. वसंत आहे."

दुपारी चार वाजता सगळं गाव पाराभोवती गोळा झालं. वर एकोणीस जण एकमेकांच्या आड लपत बसलेले. कुणी मान खाली घातलेली, कुणी उगाच चपलेचा अंगठा तपासतोय. विश्राम तर अगदी मागे, पिंपळाच्या बुंध्याला टेकून. समोर गर्दीत ताई दिसली. तिने हात हलवला. त्याने बघितलंच नाही असं दाखवलं.

आधी पोस्टमन भाऊंची कविता वाचली गेली. आंब्याचा मोहोर झडून त्याची पिवळी पूड त्यांच्या पत्रांवर बसते, आणि प्रत्येक घरी पत्राबरोबर ती पूडही पोचते, अशी ती छोटीशी कविता. वाचणाऱ्या शिंप्याचा आवाज शेवटी हळू झाला. मग तात्या सुताराची. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पट्टी काढल्यावर त्यांनी सगळ्यात आधी पाहिला तो फुललेला पळस, आणि कवितेची शेवटची ओळ होती, 'एवढं लाल असतं होय?' ती ऐकून पारावरचे दोघं-तिघं एकदम "अरे वा!" म्हणाले. म्हणाले आणि दचकून गप्प झाले, जणू चोरी पकडली गेली.

मग गुरुजींनी विश्रामच्या हातात एक कागद ठेवला. चौकटीच्या वहीतून फाडलेला, घड्यांवर मळलेला.

विश्राम उभा राहिला. ठरवलंच होतं त्याने, धाडधाड वाचायची, संपवायची आणि खाली उतरायचं. वाचू लागला.

पिंपळाच्या दारी आली
चैत्रातली बोहारीण,
"जुनं सारं टाक बाबा,
नवं तुला मी देईन."

बोहारीण! विश्रामला मनातल्या मनात हसूच आलं. स्वतःचाच धंदा आणून ठेवला बाईने कवितेत. तो तसाच पुढे निघाला.

पान पान उतरून
दिलं तिच्याच पदरी,
उघडाच उभा मग
पिंपळ आपल्या दारी.

एक दिस हात रिता,
एक दिस भरवसा,
मग तांब्याचा संसार
लखलखला गं कसा!

शेवटची ओळ वाचली आणि विश्राम पुन्हा कागदात डोकावला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या, रीतीप्रमाणे. त्याला त्या ऐकूसुद्धा आल्या नाहीत.

कारण तो एक दिवस त्याला माहीत होता! त्या पंधरा दिवसांत एक दिवस असा आला होता, की पिंपळावर जुनं एक पान उरलं नव्हतं आणि नवं एकही फुटलं नव्हतं. सगळं झाड उघडंबोडकं, आणि तरी अजिबात बिचारं दिसत नव्हतं. विश्राम त्या दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत पारावर बसून होता. काहीतरी होतं त्यात, पण सापडतच नव्हतं. तेवढ्या एका दिवसापायी निम्म्या वह्या फाटल्या. शेवटी कंटाळून त्याने 'निष्पर्ण' असं लिहिलं आणि पुढच्याच ओळीत नवपल्लव फुटवून मोकळा झाला. आणि ह्या बाईने? तीनच शब्द. एक दिस भरवसा. घरातली बाई जुनी लुगडी आधी देऊन बसते आणि रिकाम्या हाताने पाटीकडे बघत राहते, तोच तो क्षण! लंकाबाईने तो हजारदा समोरून पाहिला होता.

त्याने वर पाहिलं. डोक्यावर पिंपळाची कोवळी पालवी उन्हात खरोखर घासल्या तांब्यासारखी चमकत होती.

"गुरुजी," त्याने विचारलं, "परत वाचू का?"

"वाच की."

ह्या वेळी त्याने सावकाश वाचली. 'एक दिस भरवसा'पाशी थांबला, आणि त्याच्या तोंडून कसं कोण जाणे, मोठ्यांदा निघालं, "वाऽऽ लंकामावशी!"

झालं! पारावरच्या अठरा जणांनी एकदम उठून टाळ्या सुरू केल्या. शिंपी ओरडला, "अगं बाई, मी महिनाभर पिंपळच लिहीत होतो, हे कुठून आणलंस?" दुसरा म्हणाला, "तात्या, तुमची ती ओळ पुन्हा सांगा हो!" लपून बसलेली माणसं पाराच्या कडेला येऊन वाकून वाकून खालच्या तिघांकडे बघत होती. पोस्टमन भाऊ टोपी काढून डोळे पुसत होते.

शेठजी हातात शाली घेऊन तसेच उभे. हळूच म्हणाले, "गुरुजी, सात वर्षं शाली देतोय मी. अशा टाळ्या नाही ऐकल्या कधी."

गुरुजी म्हणाले, "शेठ, डोंगराच्या माथ्यावर कोणी पोचला, तर पायथ्याशी चहा पिणाऱ्याला तो ठिपक्याएवढा दिसतो. तोही टाळ्या वाजवतो, पण चांगुलपणाने. त्या माणसाची खरी उंची कुणाला कळते? जो अर्ध्यापर्यंत चढला आणि धाप लागून बसला, त्याला. ही एकोणीस माणसं अर्ध्यापर्यंत चढलेली आहेत. वसंत ओळीत धरायला किती अवघड, हे ह्या गावात फक्त ह्यांना ठाऊक आहे. सत्कार करण्याचा अधिकार ह्यांचा. म्हणून त्यांना वर बसवलं. मी आणि तुम्ही नुसते शाल देणारे."

मग शाली दिल्या, त्याही पारावरच्यांनीच खाली उतरून. लंकाबाईला विश्रामने दिली. तिने शाल अंगावर घ्यायच्या आधी सवयीने बोटांत धरून चोळून पाहिली, उन्हाकडे धरली आणि म्हणाली, "माल चांगलाय शेठ. ही कुणी मला जुनी करून दिली ना, तर दोन डबे आणि वर एक गाळणी देईन!"

सगळा पार हसला. शेठजी सगळ्यांत मोठ्यांदा.

हसणं ओसरल्यावर लंकाबाई विश्रामला म्हणाली, "तुझी पण म्हणून दाखव की रे लेका. पंधरा दिस इथंच बसलेला बघत होते तुला. येताजाता वाटायचं, ह्या पोराला गावतंय बघ काहीतरी."

विश्राम तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. "नाही गावलं, मावशी," तो म्हणाला. "मी झाडाला एक दिवसही उघडं राहू दिलं नाही. लगेच पालवी फोडून टाकली."

"मग पुढल्या चैत्राला राहू दे," लंकाबाई म्हणाली.

ताई गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत आली. "अरे, एसटी जाईल ना. निघायचं म्हणत होतास."

"जाऊ दे एसटी," विश्राम म्हणाला. "आधी चहा घेऊ. सकाळपासून घेतला नाही." आणि त्याने लंकाबाईकडे तो मळका कागद मागितला, उतरवून घ्यायला.

गुरुजींशी भांडायचं तेवढं राहूनच गेलं.

आपण हरलो त्या जागेवरून चटकन उठून जाऊ नये. जिंकलेल्याची उंची तिथूनच सगळ्यात स्वच्छ दिसते.